अडलेलं पिंप

माझ्या धाकट्या भावाच्या मानेवरचा तो काळा ठिपका मला पहिल्यांदा दिसला तो चर्चमध्ये. तो पुढच्या बाकावर होता, मी त्याच्या मागे. डोळे मिटून प्रार्थना म्हणायची वेळ होती, आणि माझे उघडे राहिले.

"गेर्नोट, मानेवरचं ते दाखवून ये कुणाला तरी," बाहेर पडल्यावर मी म्हणाले.

"लोनी, चर्चमध्ये तू देवाकडे बघत जा. माझ्या मानेकडे कशाला बघतेस?"

द्राक्षमळ्यात राबणाऱ्यांची मान अशीच असते. वाकून छाटणी, वाकून बांधणी, आणि सूर्य नेमका तिथेच. आमच्या वडिलांची मान तर जुन्या चपलेसारखी होती. पण हा ठिपका निराळा होता. तो काढला, आणि कळलं की तो कर्करोग होता. पुढच्या वर्षी जबड्याखाली गाठ आली. तीही काढली. तेव्हा माइन्झच्या मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टर पेटरसन यांनी आम्हाला समोर बसवलं आणि सरळ सांगितलं, "हा पुन्हा येऊ शकतो. पण एक नवा उपचार आहे. अजून त्याचा अभ्यास चालू आहे. यायचंय का त्यात?"

आमचं घर गावाच्या टोकाला, चढाच्या पायथ्याशी. खाली गेर्नोट आणि माझी भावजय इर्मगार्ड राहतात, वर मी. आणि सगळ्यांच्या खाली, तळघरात, वाइनची पिंपं. मी लग्न केलं नाही. चर्चमधली फुलं, सणासुदीची वस्त्रं आणि दुपारची घंटा माझ्याकडे असते. रोज सकाळी उठल्यावर मी देवाला तीन गोष्टी कबूल करते: आज खोटं बोलणार नाही, कुणाची चहाडी करणार नाही, आवाज चढवणार नाही. रात्री झोपण्यापूर्वी त्याचा हिशेब देते. तिसरी गोष्ट मला सोपी जाते. घरात सगळे म्हणतात, लोनी बोलायला लागली की मांजरालासुद्धा कान टवकारावे लागतात.

डॉक्टर पेटरसन उत्तरेकडच्या, समुद्रकाठच्या. उंच, शांत, आणि दिवसभर चहा पिणाऱ्या. गेर्नोटला ते पहिल्याच भेटीत खटकलं होतं.

"तुमच्या गाठीतला तुकडा आमच्याकडे आहे," त्या म्हणाल्या. "तो आणि तुमचं रक्त शेजारी शेजारी ठेवून वाचायचं. गाठीच्या पेशींवर ज्या खुणा आहेत आणि तुमच्या बाकीच्या अंगात कुठेच नाहीत, त्या वेचून काढायच्या. त्या खुणांची लस करायची. ती अंगात गेली की तुमच्या अंगातल्या पहारेकऱ्यांना शिकवते, की असा कुणी दिसला तर धरा."

"म्हणजे चोराचं चित्र गावभर लावायचं," गेर्नोट म्हणाला.

"अगदी तसंच."

"आणि ही लस दुसऱ्या कुणाला दिली तर?"

"काही उपयोग नाही. त्याचा चोर वेगळा दिसतो. ही तुमच्यासाठी बनणार, फक्त तुमच्यासाठी."

गेर्नोटचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला. माझ्याकडे वळून म्हणाला, "ऐकलंस? एका उतारावरची, एका वर्षाची, आणि गिऱ्हाईकही एकच! असली बाटली आपल्या आजोबांनी पण भरली नाही."

लसीच्या जोडीला सलाइनमधून आणखी एक औषध होतं. ते पहारेकऱ्यांचे लगाम सैल करतं, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. त्याबद्दल बोलताना त्यांनी चहाचा पेला बाजूला ठेवला. "लगाम सैल झाला की कधी कधी पहारेकरी स्वतःच्याच घरावर उलटतात. जुलाब लागले, धाप लागली, अंगावर पुरळ आलं, तर थांबायचं नाही, लगेच फोन करायचा. आणि लस दिल्यावर थंडी वाजून ताप येऊ शकतो. येईल किंवा येणारही नाही. दोन्ही ठीक."

यातलं "ताप येऊ शकतो" एवढंच गेर्नोटनं घरी आणलं. "येणारही नाही" हे तो तिथेच विसरून आला.

लस तयार व्हायला काही आठवडे लागणार होते. त्या आठवड्यांत त्यानं एक गोष्ट केली. चढावरचा सगळ्यात खडकाळ तुकडा, जो वडिलांच्या वेळेपासून पडीक होता, तो साफ करून त्यात रीसलिंग द्राक्षाची नवी रोपं लावली. नव्या वेलीला पहिलं धड फळ येतं तिसऱ्या वर्षी. शेजारचा एडगार कुंपणाला टेकून बघत होता.

"या वयात नवी लागवड? नातवंडांसाठी का रे?"

"माझ्यासाठी," गेर्नोट म्हणाला.

एडगार एरवी अशा बोलण्यावर काहीतरी जोडल्याशिवाय राहत नाही. त्या दिवशी मात्र त्यानं टोपी काढली, परत घातली आणि फावडं घेऊन मदतीला आला.

पहिल्या डोसाच्या दिवशी संध्याकाळी गेर्नोटला हुडहुडी भरली. इर्मगार्डनं दोन रजया घातल्या तरी दात वाजत होते. आणि तो खूश होता. "चाललंय! काम सुरू झालं!" घरातला थर्मामीटर त्याला पटेना, म्हणून त्यानं तळघरातला मागवला. लांब काचेचा, द्राक्षरसाची ऊब मोजायचा. तो काखेत धरून राजासारखा पडून राहिला.

"अरे, तो धुतलाय तरी का?" इर्मगार्ड म्हणाली.

"यीस्टला माझी लाज वाटत नाही, मला यीस्टची वाटत नाही."

दुसऱ्या डोसालाही असंच झालं. ताप आला, उतरला, आणि दुसऱ्या दिवशी तो शिट्टी वाजवत मळ्यात.

तिसरा डोस आला तो ऐन तोडणीच्या दिवसांत. आमच्या घराला तेव्हा वेगळाच आवाज असतो. तळघरात ताजा रस पिंपांत भरलेला, तो आंबायला लागला की प्रत्येक पिंप आपापल्या सुरात गुडगुडतं. वास असा की पायऱ्या उतरतानाच डोकं हलकं होतं. आम्ही मेणबत्ती घेऊनच खाली जातो. ज्योत मंदावली की मागे फिरायचं, कारण आंबणाऱ्या रसाची हवा माणसाचा श्वास बंद करते. गेर्नोट रोज सकाळी एकेका पिंपाला कान लावतो. जिवंत पिंप गुडगुडतं आणि हाताला ऊबदार लागतं. मध्येच गप्प आणि गार झालं तर ते अडलं. अडलेला रस धड गोड राहत नाही, धड वाइन होत नाही, आणि त्यात नको ते जिवाणू घर करतात. मळेवाल्याला गारपिटीइतकीच त्याची भीती.

तिसऱ्या डोसाच्या संध्याकाळी गेर्नोट रजई घेऊन तयार बसला. ताप आला नाही. हुडहुडी नाही. भूक मात्र लागली. त्यानं तीन सॉसेजं खाल्ली, आणि तिसरं खाताना त्याचे डोळे भरून आले.

"देवाची कृपा, या वेळी त्रास नाही झाला," इर्मगार्ड म्हणाली.

"कृपा कसली? गार पडलोय मी. हात लावून बघ."

"बरं आहे की मग!"

"तुला कळत नाही गं. अडलंय. सगळं अडलंय आत."

मी हातातली जपमाळ बाजूला ठेवली. "डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या ना, ताप येईल किंवा येणारही नाही."

"त्या चहा पितात, लोनी. त्यांना काय माहीत अडणं म्हणजे काय."

दुसऱ्या दिवशी द्राक्षं दाबायच्या यंत्रापाशी एडगार आला होता. गेर्नोटनं त्याला सगळं सांगितलं. एडगारनं गंभीर चेहरा केला. त्याचा चेहरा गंभीर झाला की समजावं, गंमत येतेय. "अडलेल्या पिंपाचं काय करतो आपण? तळघर गरम करतो, आणि शेजारच्या जिवंत पिंपातला रस त्यात ओततो. तुला काय वेगळं आहे? पोट तर तेवढंच आहे."

सगळे हसले. गेर्नोट हसला नाही. मला तेव्हाच काळजी वाटायला हवी होती. पण दुपारची घंटा वाजवायची होती, मी चर्चकडे गेले.

घंटा वाजवून, नेहमीची प्रार्थना म्हणून घरी आले. इर्मगार्ड मळ्यात तोडणीवर होती. स्वयंपाकघरात आमची मोठी भिंतीतली शेगडी धडाडून पेटलेली, आणि तिच्या पाठीला पाठ लावून गेर्नोट. अंगात लोकरी स्वेटर, त्यावर दोन रजया, डोक्यावर कानटोपी, काखेत तो काचेचा थर्मामीटर. समोर मातीचा मोठा जग. जगात फेडरवाइसर, म्हणजे अजून आंबतच असलेली, ढगासारखी गढूळ, फेसाळ नवी वाइन. तिच्यात यीस्ट जिवंत असतं. शरदात आमच्याकडे कांदा घालून भाजलेल्या रोटाबरोबर ती एखाददोन पेले घेतात. त्यापुढे पोट ऐकत नाही, हे इथल्या शाळकरी पोरांनाही माहीत असतं.

"गेर्नोट, हे काय करतोयस?"

त्याचा चेहरा लालबुंद, घाम गळत होता. "सुरू करतोय," तो म्हणाला. "सगळ्यात जोरात चाललेल्या पिंपातली आहे. सिल्वानर द्राक्षाच्या."

"कितवा पेला?"

"पेला मोजत बसलो तर होणारच नाही."

मी शेगडीचं दार लोटलं. जग उचलायला गेले तर त्यानं दोन्ही हातांनी धरला. त्याच्या डोळ्यांत जे होतं ते मी लहानपणी एकदाच पाहिलं होतं, आमचे वडील आजारी पडले तेव्हा. "लोनी," तो म्हणाला, "मला ती रोपं फळलेली बघायची आहेत."

मग मी जग सोडला. त्याच्या शेजारी बसले आणि पाण्याचा पेला त्याच्या हातात दिला. ते पाणी तो प्यायला, एवढंच.

"इर्मगार्डला सांगू नकोस."

"मी सांगायला जाणार नाही. पण तिनं विचारलं तर खोटंही बोलणार नाही."

"तू बोललीस तरी ऐकू कुणाला येतं?" तो म्हणाला, आणि त्या घामातही हसला.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्याचं पोट पार रिकामं झालं होतं. ओकाऱ्या, जुलाब, अंग थोडं गरम. उभा राहिला की भिंत धरत होता. इर्मगार्डला डॉक्टरबाईंचं बोलणं शब्दन् शब्द पाठ होतं. तिनं फोन केला, गाडी काढली, आणि आम्ही तिघं इस्पितळात पोचलो. रस्त्यात तो फक्त एकदा बोलला: "लोनी, गप्प राहा." मी गप्पच होते.

डॉक्टर पेटरसन आल्या. आज हातात चहा नव्हता. पोट दाबून पाहिलं, रक्त घेतलं, सलाइन लावलं.

"हेर एबलिंग, कालपरवा वेगळं काही खाल्लंत-प्यायलात?" त्यांनी गेर्नोटला विचारलं.

"नाही. या दिवसांत असतं ते नेहमीचंच."

"फ्राउ एबलिंग, तुम्हाला काही आठवतंय?"

इर्मगार्ड रडवेली झाली होती. "मी दिवसभर मळ्यात होते. घरीच होता तो. विश्रांती घेत होता."

मग डॉक्टरबाई माझ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही?"

मी म्हणाले, "माझ्या भावाला विचारा. त्याला माहीत आहे."

त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं छताकडे पाहिलं. तिथे काही नव्हतं.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "मग मला एकाच गोष्टीची भीती वाटते. पहारेकरी आतड्यावर उलटलेत. हे वाढलं तर जिवावर बेततं. मी वाट बघणार नाही. कॉर्टिझोन सुरू करते."

"त्यानं काय होतं?" मी विचारलं.

त्या माझ्याकडे वाकल्या, कारण माझं बोलणं त्यांना नीट ऐकू आलं नव्हतं. मी पुन्हा विचारलं.

"ते पहारेकऱ्यांना शांत करतं."

"सगळ्यांनाच?"

"सगळ्यांनाच. चोर ओळखायला शिकलेत त्यांनाही. इलाज नाही. आणि लस थांबवावी लागेल. निदान सध्या. कदाचित कायमचीच."

गेर्नोटचा चेहरा चादरीसारखा पांढरा झाला. आता त्याला कळलं होतं. पहिल्यांदा तो खरोखर गार पडणार होता, आणि तेही स्वतःच्या हातानं. तरी तोंड उघडेना. त्याच्या मनात काय चाललंय ते मला दिसत होतं. सांगितलं, तर असल्या मूर्खाला अभ्यासातून काढून टाकतील. नाही सांगितलं, तर औषधच सगळं विझवेल. आणि वर लाज. आमच्या गावच्या मळेवाल्यांच्या मंडळाचा अध्यक्ष, आणि फेडरवाइसरनं आडवा पडला!

डॉक्टरबाईंनी नर्सला औषध आणायला सांगितलं.

मी सांगू शकले असते. तोंडाशी आलं होतं. पण ती गोष्ट त्याची होती, आणि बोलायला तोंड त्याचं शाबूत होतं. ओरडून त्याला हलवावं, तर आवाज चढवणार नाही असं सकाळीच देवाला कबूल करून आले होते. मग मनाशी ठरवलं, नर्स दारात दिसेपर्यंत थांबायचं. त्यानंतर मात्र मी बोलणार, आणि त्याचा हिशेब रात्री देणार.

"डॉक्टरबाई," मी म्हणाले, "औषध येईपर्यंत तुम्ही इथेच थांबाल का?"

त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि पलंगाच्या कडेला टेकल्या. मी खुर्ची गेर्नोटच्या उशाशी ओढली आणि पिशवीतून माळ काढली. तो बरा व्हावा म्हणून नाही, त्याला शब्द सुचावेत म्हणून मणी ओढायला लागले.

"अशी बघू नकोस," थोड्या वेळानं तो म्हणाला.

"मी तुझ्याकडे बघत नाहीये. माळेकडे बघतेय."

"तेच ते!"

बाहेर चाकांचा आवाज आला. नर्स ट्रॉली ढकलत येत होती.

"थांबा," गेर्नोट म्हणाला. "डॉक्टरबाई, फेडरवाइसर."

"काय?"

"फेडरवाइसर प्यायलो. काल."

"ते काय असतं?"

गेर्नोट दुखणं विसरून उशीवरून उठला. "इतकी वर्षं माइन्झमध्ये राहता, आणि तुम्हाला कुणी फेडरवाइसर पाजली नाही?"

"आमच्याकडे चहा पितात."

"दिसतंय ते!"

इर्मगार्डचं रडणं थांबलं होतं. तिनं डॉक्टरबाईंना समजावलं, की ती अर्धी आंबलेली वाइन, तिच्यात यीस्ट जिवंत, पोटात गेल्यावरही आंबतच राहते, आणि जास्त झाली तर माणूस दिवसभर संडासाच्या दारामागे. सांगता सांगता तिचा आवाज चढत गेला. "आणि किती प्यायलास रे?"

"एक जग."

"केवढा जग?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

गेर्नोटनं हातांनी दाखवला. मी फक्त माळ मांडीवर ठेवली आणि माझे हात त्याच्या हातांपेक्षा बरेच लांब धरले.

नर्स तोंड फिरवून हसली.

"पण का?" डॉक्टरबाई म्हणाल्या. "इतकी, आणि या उपचारात?"

मग त्यानं सगळं सांगितलं. ताप न आल्याचं, अडलेल्या पिंपाचं, शेगडीचं, दोन रजयांचं. अगदी हळू आवाजात, माझ्यासारखं. शेवटी म्हणाला, "आता काढून टाकाल मला."

"काढून टाकू?" त्या म्हणाल्या. "आणि शीतपेटीत तुमच्या नावाच्या लसी पडल्यात त्यांचं काय करू? त्या दुसऱ्या कुणाला चालतात का? तुम्हीच म्हणाला होतात, गिऱ्हाईक एकच." मग त्या गंभीर झाल्या. "हे मला लिहून ठेवावं लागेल. आणि पुढच्या वेळी पहिल्याच प्रश्नाला खरं उत्तर द्या. नको ते औषध मी आत्ता तुमच्या शिरेत सोडणार होते."

"लिहा. पण गावाचं नाव नको."

त्यांनी औषध परत पाठवलं नाही, बाजूला ठेवायला सांगितलं. आजचा दिवस पाणी आणि क्षार देऊन बघू, त्या म्हणाल्या. पोट उद्यापर्यंत आवरलं नाही, तर आतून तपासू आणि मग हेच औषध. म्हणजे धोका अजून संपला नव्हता, आणि आम्हा तिघांनाही ते कळत होतं. मी उरलेली माळ पूर्ण केली. या वेळी पोटासाठी.

इर्मगार्ड त्याच्या उशाशी बसली. त्याचा हात हातात घेतला आणि बोलायला सुरुवात केली. "घरात पिंपं कमी पडली होती का, म्हणून स्वतःच पिंप झालास? आणि गुरू कोण केला, तर एडगार!"

"तो गावभर सांगेल."

"सांगेलच. मी त्याच्या आधी सांगणार आहे."

संध्याकाळपर्यंत पोट शांत झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं कोरडा पाव खाल्ला आणि लोण्यासाठी भांडण केलं. डॉक्टरबाई आल्या तेव्हा त्यांच्या हातात पुन्हा चहाचा पेला होता. तो पाहून मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

"तुम्ही रोज पिंपाला कान लावता ना?" त्यांनी गेर्नोटला विचारलं. "मग मला सांगा, गप्प झालेलं प्रत्येक पिंप अडलेलंच असतं का?"

गेर्नोटनं उरलेला पाव ताटलीत ठेवला.

"ताप हा गलबला आहे, हेर एबलिंग. पहिल्यांदा चोराचं चित्र पाहिलं की सगळे पहारेकरी ओरडतात. पुढे काही जण ओरडतात, काही जण नुसतेच कामाला लागतात. बाहेरून कळत नाही. रक्त तपासावं लागतं, अंगाची चित्रं काढावी लागतात, आणि वाट बघावी लागते. मी तुम्हाला वचन देऊ शकत नाही. पण ताप नाही म्हणजे काम नाही, हे मात्र मी कुणाला म्हणू देणार नाही."

"म्हणजे कान लावून भागत नाही," तो सावकाश म्हणाला. "चाखून बघावं लागतं."

"हो. चाखायचं काम आमचं."

गावात पोचेपर्यंत बातमी पोचली होती. आमच्या फाटकापाशी एडगारनं एक रिकामं पिंप उभं केलं होतं. त्याला लोकरी मफलर, कानटोपी, आणि पोटावर गरम पाण्याची रबरी पिशवी. गेर्नोट गाडीतून उतरला, पिंपाभोवती एक फेरी मारली आणि पिशवीला हात लावून म्हणाला, "गार आहे. एवढंही धड जमत नाही तुला." एडगारनं त्याला मिठी मारली. बराच वेळ सोडलं नाही.

शरद सरत आला. तळघरातली पिंपं एकेक करून शांत व्हायला लागली. एके दिवशी सकाळी ते सिल्वानरचं मोठं पिंप, सगळ्यात जोरात गुडगुडणारं, तेही गप्प झालं. मी मेणबत्ती धरली होती. गेर्नोटनं कान लावला, हात लावला. मला वाटलं, आता शेगडी पेटवतो की काय. पण त्यानं काचेची नळी आत सोडली, पेल्यात थोडी काढली, उजेडापुढे धरली आणि तोंडात घोळवली. डोळे मिटून उभा राहिला.

"अडलं का रे?" मी विचारलं.

"नाही. झालंय. साखर संपली, म्हणून गप्प बसलंय." त्यानं पेला माझ्यापुढे केला. शुक्रवार होता, शुक्रवारी मी घेत नाही. नुसता वास घेतला. हिरव्या सफरचंदाचा होता, आणि मागे कुठेतरी ओल्या दगडाचा.

पुढच्या डोसाला संत मार्टिनच्या सणाचा दिवस आला. मुलं कंदील घेऊन रस्त्यानं गात जातात आणि घरोघरी हंस भाजतात, तो दिवस. सकाळी आम्ही तिघं माइन्झला गेलो. आधी डॉक्टरबाईंनी आदल्या आठवड्यातल्या तपासणीची चित्रं समोर लावली. करड्या, ढगाळ चकत्या. त्यांचं बोट मानेवरून, फुप्फुसांवरून, यकृतावरून फिरलं. "नवीन काही दिसत नाही," त्या म्हणाल्या. "आज तरी नाही." इर्मगार्डनं माझा हात इतका घट्ट धरला की माळेच्या मण्यांचे वळ उमटले.

मग नर्सनं शीतपेटीतून ती छोटी कुपी आणली. गेर्नोटनं ती उजेडापुढे धरायला मागितली. दिली नाही. त्यानं बाही वर केली. सुई आत गेली तेव्हा तो कुपीकडेच बघत होता, जसा तो बाटलीत पहिली धार पडताना बघतो.

"फेडरवाइसर?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"हंगाम संपला. पुढच्या शरदात तुम्हीच घरी या. एक पेला, कांद्याच्या रोटाबरोबर. जास्त देणार नाही."

"येईन. एक पेला."

संध्याकाळी मुलं कंदील घेऊन घरापुढून गेली. हंस भाजून तयार होता. आम्ही टेबलाशी बसलो, मी जेवणाआधीची प्रार्थना म्हटली. आम्ही दोघी त्याच्याकडे चोरून बघत होतो. हुडहुडी नाही. गाल नेहमीसारखे. त्याच्या ताटाशेजारी तो काचेचा थर्मामीटर ठेवलेला होता. सकाळी निघतानाच त्यानं तो वर आणून ठेवला होता.

त्यानं मांडीचा तुकडा संपवला, मग दुसरा घेतला. लाल कोबी वाढून घेतला. मग थर्मामीटर उचलला, रुमालानं पुसला आणि उठला.

"कुठे निघालास?" इर्मगार्डनं विचारलं.

"खाली. याची जागा तिकडे आहे."

पायऱ्यांवर त्याची पावलं ऐकू आली. मग खिळ्याला काच लागल्याचा बारीक आवाज. वर यायला त्याला थोडा वेळ लागला. पिंपांपाशी थांबला असावा बहुतेक. पण खाली आता सगळंच शांत होतं, कान लावण्यासारखं काही नव्हतं. तो वर आला, बसला आणि म्हणाला, "रोपांना उद्या माती चढवायला हवी. थंडी पडायच्या आत. एडगारला सांगू का?"

"सांग," मी म्हणाले. "आणि फावडं आणायला सांग. मफलर नको म्हणावं."